मंद्रूपची मोटार आणि मागची बैलगाडी

आमच्या घरी मोटार आली त्या दिवशी आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, तिला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या पंधरा माणसांनी मिळून तिला ढकललं. आदल्या संध्याकाळी ती स्टेशनापासून शुक्रवार पेठेपर्यंत आपली आपण आली होती. अप्पा पुढं बसले होते, डोक्याला जरीकाठी रुमाल बांधलेला, आणि वाटेत ओळखीचं दुकान दिसलं की भोंगा वाजवायला सांगत होते. सकाळी मात्र ती ढिम्म हलेना. ढकलणाऱ्यांत समोरचे शिंपी होते, दोन विणकर होते, आणि अप्पांशी वर्षभर न बोलणारे आमचे चुलते होते. त्या दिवशी चुलत्यांचा अबोला सुटला. मोटारीनं आमचं जे काही भलं केलं, त्यात अव्वा हे पहिलं धरायची.

अप्पा घोंगड्यांचे व्यापारी. पुढं दुकान, मागं घर. त्यामुळं आमच्या कपड्यांना लोकरीचा वास असायचा. तो आम्हाला कळत नसे, शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलींना कळत असे. मंद्रूपच्या बाजारात धनगरांकडून घोंगड्या घ्यायच्या, गाडीत घालून सोलापूरला आणायच्या, हा आमच्या घरचा जुना धंदा. बैलगाडीनं जाऊन येऊन दोन दिवस मोडायचे. मोटार सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येईल, असा अप्पांचा हिशेब होता. ती बंद डब्याची मोटार पूर्वी पुण्याच्या कुठल्याशा बेकरीवाल्याकडं होती. अप्पांनी तिला बाहेरून हिरवा रंग दिला, पण ऊन तापलं की आतली जुनी अक्षरं रंगातून वर यायची, आणि मंद्रूपच्या बाजारात पोरं बिस्किटं मागत मागं धावायची. अप्पा डबा उघडून त्यांना घोंगड्या दाखवायचे. पोरांना ते खरं वाटत नसे.

मोटार चालवायला दस्तगीर होता. उंच, वाळका, तोंडात कायम पानाचा तोबरा. तो सकाळी यायचा तोवर अव्वानं चुलीवर मोठ्या हंड्यात पाणी तापवलेलं असायचं. पहिलं गरम पाणी मोटारीला, मग अप्पांच्या आंघोळीला, मग उरलं तर आम्हाला. थंडीच्या दिवसांत दस्तगीर मोटारीचे चार प्लग काढून आणायचा आणि चुलीजवळ शेकायला ठेवायचा. एकदा अव्वा भाकरी थापत असताना त्यानं ते सरळ तव्यावर ठेवले. ती भाकरी अव्वानं मोडून गाईला घातली, आणि दुपारी जाऊन मोटारीसाठी वेगळा तवा विकत आणला. आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला शेवटपर्यंत तो तवा होता, आणि नव्या पाहुण्या बायकांना तो कशाचा हे सांगताना अव्वाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. आता माझा नातू गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि निघतो. मी शेजारी बसलेली असले तर अजूनही, ती सुरू झाली रे झाली, की माझा हात नमस्काराला आपोआप कपाळाकडं जातो. तो हसतो. त्यानं कधी गाडीसाठी पाणी तापवलेलं नाही.

चालू झाल्यावरही मोटारीचे स्वभाव होते. चढ आला की तिला पेट्रोल पोचत नसे, कारण टाकी मागच्या अंगाला सीटखाली आणि इंजिन पुढं उंचावर. मग दस्तगीर तिला वळवून घ्यायचा आणि उलट्या तोंडानं चढ चढवायचा. मंद्रूपच्या वाटेवर नदीच्या अलीकडं आणि पलीकडं असे दोन चढ होते, तिथं आमची मोटार पाठीनं चालायची, आणि समोरून येणारे गाडीवाले ती येते आहे की जाते आहे हे ठरेपर्यंत बैल धरून उभे राहायचे. पण हे सगळं चालण्यासारखं होतं. खरा त्रास दुसराच होता. सपाट रस्त्यावर, चांगली चाललेली असताना, ती मध्येच दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. दस्तगीर उतरायचा, पेट्रोलची बारीक तांब्याची नळी सोडवायचा, तोंडानं फुंकायचा, थुंकायचा, परत जोडायचा. मग ती कोस दोन कोस चालायची आणि पुन्हा तेच. असं का होतं हे कुणाला सांगता येईना. अप्पांनी पेट्रोलवाला बदलला, नळी बदलली, एका सोमवारी सिद्धेश्वराला अभिषेकही केला.

पेट्रोल तेव्हा पत्र्याच्या डब्यांतून यायचं आणि त्यात गाळ असे, म्हणून ते गाळून टाकीत घालायचं. दस्तगीरचं म्हणणं, मऊ कातड्यातून गाळावं, सगळे तसंच करतात. आम्ही लिंगायत, अप्पांच्या गळ्यात लिंग, ते कुठल्या जनावराचं कातडं घरात येऊ देणार? त्यांनी दुकानातली एक जुनी, वापरून मऊ झालेली घोंगडी काढली, तिचा चौकोन कापला आणि म्हणाले, हिच्यातून पावसाचा थेंब जात नाही, गाळ कसला जातोय. पेट्रोल मात्र जायचं, सावकाश. नरसाळ्यावर तो तुकडा धरून अप्पा स्वतः पेट्रोल ओतायचे, पूजेला बसल्यासारखे.

मला तेव्हा पंधरावं चाललं होतं. मी सातवीत होते आणि घरातल्या मोऱ्या साफ करायचं काम माझ्याकडं होतं. दुकानातल्या डागी घोंगड्या आमच्या मागच्या मोरीत धुतल्या जायच्या, आणि प्रत्येक धुण्यानंतर मोरी तुंबायची. तारेनं कोरलं की आतून काळ्या लोकरीचा बोळा निघायचा, मांजराच्या पिलाएवढा. एकदा असा बोळा हातात घेऊन मी उभी होते आणि बाहेर दस्तगीर नळी फुंकत होता. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम जुळल्या. जेवताना मी अप्पांना सांगितलं की घोंगडीचे केस पेट्रोलमध्ये गळत असतील आणि नळीत अडकत असतील. अप्पांनी घास खाली ठेवला. त्यांच्या घोंगडीचा केस गळतो, हे त्यांना त्यांच्याच ताटावर, त्यांच्याच मुलीनं सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं की हे मी शाळेत शिकले का. मी म्हणाले, मोरीत शिकले. अव्वाला हसू आवरेना म्हणून ती उठून आत गेली. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलले ते मोरीचा विषय सोडून.

माझी मोठी बहीण गौरक्का मंद्रूपलाच दिली होती. त्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना लागला आणि पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी आणायचं ठरलं. तिच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचे. त्यांत सासरची तक्रार नसायची, खाण्याची यादी असायची. अव्वाच्या हातचे कडबू, शेंगाची पोळी, चिंचेचं सार, आणि आपल्या अंगणातल्या आडाचं पाणी. पाणी का, हे अव्वानं दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. अप्पांनी निरोप धाडला की आपण मोटार घेऊन येतो. तिच्या सासूचा, बसव्वांचा, उलट निरोप आला की मोटार आणू नये, बैलगाडी पाठवावी.

बसव्वा म्हणजे ठेंगणी, रुंद, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे ओढलेली बाई. घरातली चार माणसं आणि दहा जनावरं ती एकाच आवाजात हाकायची. आम्ही मोटार घेऊन गेलोच, तेव्हा बसव्वा दारात उभ्या होत्या. गौरक्काबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मला नेलं होतं. बसव्वांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, चाक पायानं दाबून बघितलं आणि अप्पांना विचारलं की ही वाटेत किती वेळा थांबते. अप्पा म्हणाले, थांबवली तर थांबते. दस्तगीर दुसरीकडं बघू लागला.

बसव्वांनी मग आपली अट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. "ईवाई, माजी बैलगाडी तुमच्या मागनं येनार. मी सोता बसनार तिच्यात. ही तीनदा बंद पडली, की सून माज्या गाडीत आनि गाडी माघारी. बाळातपन हितंच. पोटुशी पोर रानात उनात बसवायला मला काय तिचा जीव जड झालेला न्हाय."

अप्पा हसले आणि कबूल म्हणाले. गौरक्का माझ्याकडं बघत होती. तिला आमची मोटार ठाऊक होती. तिच्या लग्नानंतरची पहिली पाठवणी तिच्यातूनच झाली होती, आणि त्या दिवशी ती नवऱ्यासकट शेवटचा अर्धा कोस चालत गेली होती.

डब्यात घोंगड्यांची गादी करून गौरक्काला बसवलं. धूळ उडू नये म्हणून मागचं दार लावलं, मग गुदमरू नये म्हणून उघडलं. बसव्वांनी शिदोरीची टोपली स्वतःच्या गाडीत ठेवून घेतली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचं गाडगं. भूक लागली तर आम्ही काय खायचं, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, लागेल तवा मी पोचतेच की.

पहिल्यांदा थांबलो ते गावाची वेस ओलांडून थोडं पुढं. पंक्चर. दस्तगीर चाक काढून रबराचा तुकडा चिकटवत होता तोवर मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, सावकाश, मजेत. बसव्वा गाडीत मांडी घालून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात चंची. अप्पा म्हणाले की पंक्चर म्हणजे बंद पडणं नव्हे, इंजिन चालू आहे. बसव्वांनी ऐकून घेतलं आणि बोटाच्या पेरावर एक मोजला. मग गौरक्काला दोन घास दहीभाकरी भरवली.

पुढं नदीच्या अलीकडं इंजिन तापून पाण्याची वाफ वर आली आणि आम्ही पुन्हा थांबलो. गाडी आली तेव्हा अप्पांनी आपणहून विचारलं, की वाटेत बैलांना पाणी पाजता की नाही. बसव्वांनी विचार केला. बैलांकडं बघितलं, वाफेकडं बघितलं, आणि म्हणाल्या की हे धरत नाही, तहान जनावराला लागतेच. अप्पांना त्या निवाड्याचा इतका आनंद झाला की त्यांनी बसव्वांना गाडीतून उतरायला हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

नदीला पाणी नव्हतं, नुसती वाळू. पात्राच्या मधोमध मोटारीनं ते ओळखीचे दोन आचके दिले आणि गप्प झाली. नळी सोडवली, फुंकली, जोडली. तेवढ्यात गाडी आली, बसव्वांनी दुसरं पेर मोजलं आणि त्या आमच्या मागंच थांबून राहिल्या. आता पुढं चढ. दस्तगीरनं मोटार वळवली आणि ती पाठीनं चढायला लागली. त्यामुळं झालं काय, की मोटारीचं तोंड नदीकडं आणि नदीतून चढत येणाऱ्या बैलगाडीकडं. संबंध चढभर अप्पा आणि बसव्वा एकमेकांच्या समोरासमोर बसलेले, मध्ये पंधरा वीस हातांचं अंतर. दोघांपैकी कुणालाच दुसरीकडं बघता येईना. अप्पांनी एकदा नमस्कार केला. बसव्वांनीही केला. नंतर पुन्हा काही सुचेना म्हणून अप्पांनी दुसऱ्यांदा केला. डब्यातून गौरक्का आणि मी हे फटीतून बघत होतो, आणि हसताना तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं होतं. लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर एवढी हसली नव्हती.

चढ संपला, मोटार सरळ झाली, आणि सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी लांबवर दिसायला लागली. तेवढ्यात आचके. एक, दोन. गप्प.

दस्तगीर उतरला, पण नळी सोडवायला गेला नाही. तो अप्पांकडं बघत उभा राहिला. अप्पा उतरले आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळीकडं जाऊन पाठमोरे उभे राहिले. गौरक्काचं हसू केव्हाच गेलं होतं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बैलगाडी आली. बसव्वा सावकाश उतरल्या. त्यांच्या तोंडावर जिंकल्याचा भाव नव्हता, हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी पदरानं घाम टिपला आणि म्हणाल्या, "गौरा, उतर बाळ. चल घरला."

गौरक्का उठायला लागली. मी तिच्या आधी डब्यातून उडी मारली. मी बोलले ते अप्पांकडं न बघता, बसव्वांकडं बघून बोलले. "अत्ती, मोटार चांगली आहे. पेट्रोल घोंगडीतून गाळतात, तिचे केस नळीत जातात. मी अप्पांना सांगितलं होतं."

बाभळीखालची पाठ हलली नाही. दस्तगीर खाली मान घालून म्हणाला, "बच्ची सच बोलती, मालिक. मैं रोज बाल निकालतूं. बोल्या नै." बसव्वांनी मला तो तुकडा आणायला सांगितला. मी नरसाळ्यावरचा घोंगडीचा चौकोन आणून दिला. त्यांनी तो उन्हात धरला, दोन बोटांत चोळला, आणि बोटांना लागलेले काळे केस सगळ्यांना दिसतील असे वर केले. मग त्यांनी आमच्या घराण्याच्या धंद्याबद्दल एक वाक्य उच्चारलं. "घोंगडीतनं दूध तरी गाळतंय का कोन?"

बसव्वांनी इकडंतिकडं बघितलं. बारीक, मऊ कापड हवं होतं. माझं लुगडं जाडंभरडं, त्यांचं इरकली, दस्तगीरचा सदरा तेलकट. त्यांची नजर फिरत फिरत अप्पांच्या डोक्यावर जाऊन थांबली. अप्पांचा रुमाल, पांढरी तलम मलमल, कडेला जर. हा रुमाल ते लग्नकार्याला आणि व्याह्यांकडं जायला बांधायचे. घराबाहेर बोडक्या डोक्यानं मी त्यांना एकदाच बघितलं होतं, आजोबा गेले तेव्हा.

बसव्वा म्हणाल्या, "ईवाई, रुमाल द्या."

अप्पा वळले. त्यांनी पहिल्यांदा बसव्वांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग डब्याच्या दारात अर्धी उभी, अर्धी बसलेली गौरक्का त्यांना दिसली. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि रुमाल पेच न सोडता तसाच्या तसा, टोपीसारखा उचलून दिला. त्यांच्या कपाळावर रुमालाची पांढरी रेघ होती आणि वर टक्कल, कोवळ्या भोपळ्यासारखं. आम्ही सगळे आदबीनं दुसरीकडं बघू लागलो.

टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं, रुमालातून गाळलं, नळी आणि तिच्या पुढचं भांडं पेट्रोलनं धुतलं. रुमालावर काळ्या केसांची जाळी जमली. दस्तगीरनं हँडल मारलं आणि मोटार अशी सुरू झाली, की बैल दचकून गाडीसकट शेतात शिरले. बैल परत रस्त्यावर येईपर्यंत अप्पांनी एकदाही तिसऱ्या पेराचा विषय काढला नाही. तो बसव्वांनीच काढला. त्या म्हणाल्या की तिसरं थांबणं मोटारीचं नव्हतं, घोंगडीचं होतं, त्यामुळं धरता येत नाही. मग गाडीवानाला माघारी धाडलं, शिदोरीची टोपली उचलली आणि मोटारीत पुढं, अप्पांच्या जागेवर जाऊन बसल्या. ही खरंच जाते का, ते त्यांना बघायचं होतं.

मग अप्पांना जागा राहिली ती मागं. ते डब्याच्या उघड्या दारात, पाय बाहेर सोडून बसले. वारं आणि धूळ लागायला लागली तेव्हा गौरक्का आडवी झाली आणि मी तिच्या अंगावर घोंगडी घातली. धूळ वाढली तेव्हा तिनं ती तोंडावरून घेतली. मीही डोक्यावरून पदर ओढून गुडघ्यात तोंड खुपसलं. मोटार एकदाही थांबली नाही.

संध्याकाळचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही शहरात शिरलो. रस्ते माणसांनी भरलेले. त्या माणसांना काय दिसलं असेल हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घोंगडीवाले अप्पा, बोडक्या डोक्यानं, धुळीनं पांढरे झालेले, मान खाली. त्यांच्यामागं घोंगडीखाली पायापासून डोक्यापर्यंत झाकलेलं कुणीतरी. बाजूला तोंड लपवून बसलेली मुलगी. पहिल्या चौकात एका माणसानं टोपी काढली. दुसऱ्या चौकात चार माणसं मोटारीमागं चालू लागली. अप्पांना वाटलं, मोटार एवढी छान चालते आहे म्हणून लोक बघतात, आणि त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केले. त्यामुळं तर कुणाची शंकाच उरली नाही. शुक्रवार पेठेत पोचेपर्यंत मागं चाळीसएक माणसं होती, सगळ्यांत पुढं आमचे चुलते, मोठ्यानं रडत.

अव्वा दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं बोडके अप्पा बघितले, गर्दी बघितली, रडणारा दीर बघितला, आणि तिच्या हातातला तांब्या पडला. त्या आवाजानं गौरक्का जागी झाली. घोंगडी बाजूला सारून ती उठून बसली. मागची चाळीस माणसं एका पावलात मागं सरली. गौरक्काला या कशाचा पत्ता नव्हता. ती डोळे चोळत म्हणाली, "अव्वा, कडबू केलीस का गं?"

चुलत्यांना रडं आवरायला थोडा वेळ लागला. एकदा सुरू केल्यावर ते लगेच थांबवणं त्यांना बरं दिसेना. अव्वा हसत होती की रडत होती हे ठरवता येत नव्हतं. तिनं गौरक्काला ओवाळलं, मग बसव्वांना ओवाळलं. केलेले कडबू चाळीस माणसांत अर्धे अर्धे वाटले गेले. बसव्वा चार दिवस राहिल्या आणि परत गेल्या त्या मोटारीनंच. गौरक्काला मुलगा झाला. त्याच्या बारशाला आलेल्या प्रत्येकाला चुलते, आपण त्या दिवशी खरं म्हणजे डोळ्यात धूळ गेल्यामुळं रडत होतो, असं सांगत होते.

अप्पांनी घोंगडीबद्दल पुढं चकार शब्द काढला नाही. पेट्रोलच खराब होतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. नरसाळ्यावर मात्र मलमल आली. माझ्याशी ते पंधरा दिवस गरजेपुरतं बोलले आणि मी समजून चुकले, की चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावल्याचं हे देणं मला बराच काळ फेडावं लागणार. मी त्यांच्या वाटेतून बाजूलाच राहायचे.

मग एका सकाळी मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते. दारात मोटार सुरू होती, पुढचं झाकण उघडं, दस्तगीर आत वाकलेला आणि अप्पा शेजारी मागं हात बांधून उभे. मी अंग चोरून पलीकडून जायला लागले. अप्पांनी मान वळवली नाही. इंजिनाकडं बघतच ते म्हणाले, "नीला, जरा थांब. आज हिचा आवाज कसा येतोय, ऐक बघू."

मी दप्तर पायरीवर ठेवलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.